चित्रं, आसनं आणि क्वीअर-अफर्मेटिव्ह थेरपी: कुणाला अनुभव आहे का?

अनुस्वार

नमस्कार. बरीच वर्षं इथे फक्त वाचन चालू आहे, लिहिणं पहिल्यांदाच. सांभाळून घ्या.

वय ३१. नॉन-बायनरी. म्हणजे बाईच्या खुर्चीत बसून पाहिलं, पुरुषाच्या खुर्चीत बसून पाहिलं, दोन्हीकडे पाठ दुखली. चार महिन्यांपासून एका थेरपिस्टकडे जाणं सुरू आहे. त्या क्वीअर-अफर्मेटिव्ह पद्धतीनं (म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे माणसांची ओळख बिघाड न मानता, तिला मान देऊन) काम करतात आणि आतापर्यंत त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण गेल्या खेपेला त्यांनी सुचवलं की नुसतं बोलत राहण्याऐवजी पुढची काही सत्रं चित्रांची ठेवू, आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एका योगशिक्षिकेकडे काही योगाची. ऐकल्या ऐकल्या पोटात गोळा आला.

चित्रांचं कारण साधं आहे: येत नाहीत. आणि येत असती तरी, कागदावर काही उमटलं की ते कुणीतरी वाचणार. झाड का वाकडं, माणसाला हात का नाहीत. बोलताना निदान शब्द गिळता तरी येतात.

योगाचं दुखणं जास्त खोल. "डोळे मिटा आणि आपल्या शरीरात या" असं म्हणतात ना, तिथेच माझं अडतं. त्या शरीरातून बाहेर कसं पडायचं हे शिकण्यात मी अर्धं आयुष्य घालवलंय. आता परत या म्हणे.

तिसरी गोष्ट जरा बाजूची आहे, पण सांगून टाकलेली बरी. थेरपी मराठीतच हवी हा माझा हट्ट, कारण रडू मराठीत येतं. पण "मी गेलो" किंवा "मी गेले" यांतलं एक उचलल्याशिवाय काल कुठे जाणं झालं एवढंही मराठीत सांगता येत नाही. चाणाक्ष मंडळींच्या लक्षात आलं असेल, वर एकही उचललेलं नाही. कर्मणी आणि भावे प्रयोगांवर दिवस काढणं चाललंय. प्रयोग ही लपायची जागा असते हे व्याकरणाच्या तासाला कुणी सांगितलं नव्हतं.

तर, चित्रं आणि योग यांचा थेरपीत खरंच उपयोग होतो का? "नाही" म्हटलं तर थेरपिस्टना वाईट वाटेल का?

टाचणी

वाचतेय. चांगला धागा.
अवांतर: अनुस्वार ताई की दादा? प्रतिसाद कसा द्यायचा कळेना म्हणून विचारलं, राग मानू नये.

अनुस्वार

राग कसला. नुसतं अनुस्वार चालेल. "तुम्ही आलात, तुम्ही गेलात" म्हटलं की मराठीसुद्धा कुणाला काही विचारत नाही.

लाकडी_पट्टी

आधीच सांगतो, कुणाच्या लैंगिकतेशी माझं वाकडं नाही. पण थेरपी ती थेरपी. तिला "अफर्मेटिव्ह" हे शेपूट कशाला? समलिंगी माणसाचं हाड मोडलं तर त्याला वेगळं प्लास्टर घालतात का?
चित्र काढणं आणि योग करणं हे उत्तम छंद आहेत. उपचार म्हणायचं असेल तर आकडे दाखवा. नाहीतर उद्या विणकामाचीही थेरपी निघेल.

निशाचर

@लाकडी_पट्टी, हाडाचंच उदाहरण घेऊ. प्लास्टर एकच असतं, मान्य. पण हाड कशानं मोडलं आणि मोडणारा अजून घरात आहे का, हे न विचारता प्लास्टर घालून घरी पाठवणाऱ्या डॉक्टरला तुम्ही काय म्हणाल?

मी समुपदेशक आहे, या क्षेत्रात बारा वर्षं. शेपूट का लागलं ते सांगते. आमच्याच व्यवसायानं समलिंगी असण्याला आजार म्हणून ठेवलं होतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं ते आजारांच्या यादीतून काढलं १९७३ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्ये. ट्रान्स माणसांना तर त्याहून जास्त थांबावं लागलं: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मध्ये मंजूर झालेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या यादीत त्यांचा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून उचलून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेला. म्हणजे ज्या खोलीनं आजाराची चिठ्ठी चिकटवली त्याच खोलीत माणूस मदत मागायला येतो. "इथे ती चिठ्ठी नाही" हे आम्हाला उघड सांगावं लागतं, नुसतं मनात असून भागत नाही.

दुसरं म्हणजे, इलन मायर यांनी २००३ मध्ये अल्पसंख्याकांच्या ताणाची मांडणी केली. टोमणे, मारहाण, नोकरी जाणं हा बाहेरचा ताण. आणि आतला ताण म्हणजे सतत नकाराची वाट पाहणं, लपवणं, आणि जगाची घृणा स्वतःवरच वळवणं. हा आतला भाग शरीरात मुरतो. खोलीत शिरताना दार कुठे आहे ते आधी बघणं, हसू तपासून मग हसणं, बोलताना हात किती हलतायत यावर लक्ष ठेवणं. वीस वर्षं असं केलेल्या माणसाला "तुमच्या भावना शब्दांत सांगा" म्हणणं म्हणजे पहारेकऱ्याचीच मुलाखत घेणं. शब्दांवर तर त्याचा सगळ्यात कडक पहारा असतो. चित्रं आणि हालचाल यांकडे आम्ही वळतो ते मुख्यतः या कारणानं.

आकड्यांचं म्हणाल तर बोलण्याच्या अफर्मेटिव्ह थेरपीवर नीट चाचण्या झाल्या आहेत. पाचांकिस आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ६३ तरुण समलिंगी आणि उभयलिंगी पुरुषांबरोबर दहा सत्रांचा कार्यक्रम तपासला होता. नैराश्य आणि दारू दोन्ही कमी झालं. चित्रं आणि योगाचं ओलीमाती सांगतील, त्या इथे असतात.

अनुस्वार, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: "नाही" म्हटल्यावर थेरपिस्टना वाईट वाटलं तर तो त्यांचा प्रश्न, तुम्ही सोडवायचा नाही.

ओलीमाती

हाक मारलीत म्हणून आले. मी कला-उपचाराचं शिक्षण घेतलेली, गेली नऊ वर्षं हेच करते.

अनुस्वार, "कुणीतरी वाचणार" ही तुमची भीती खुळी नाही. तिला इतिहास आहे. १९४९ मध्ये करेन माकोव्हर यांची "माणूस काढा" चाचणी आली. त्यात माणूस काढायला सांगितल्यावर पहिल्यांदा कोणत्या लिंगाचा काढला, यावरूनसुद्धा लैंगिक ओळखीत गडबड आहे का ते ठरवत. शाईच्या डागांत काय दिसतं यावरून समलिंगी माणूस ओळखता येतो असं मानणारेही होते. मग १९५७ मध्ये एव्हलिन हूकर यांनी ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुषांच्या अशाच चाचण्या, कोण कुठला ते झाकून, नावाजलेल्या तज्ज्ञांपुढे ठेवल्या. त्यांना ओळखता येईना! शाईचा डाग शेवटी शाईचाच डाग निघाला. पण तोवर किती जणांची चित्रं त्यांच्याविरुद्ध साक्षीला उभी केली असतील, कल्पना करा.

त्यामुळे चांगला कला-उपचारक चित्र वाचत नाही. तो विचारतो, "हे काढताना कसं वाटत होतं?", "याला नाव द्यायचंय का?", आणि नाव नको म्हटलं तर नको. चित्र तुमचं. घरी न्या, तिथेच ठेवा, फाडा. फाडणं हेही काम आहे. माझ्याकडे एक जण आठ आठवडे फक्त फाडत होता. नवव्या आठवड्यात त्यानं तुकडे चिकटवायला गोंद मागितला. मी सुचवलं नव्हतं.

येत नाही म्हणालात, त्याची इथे गरजच नसते. खरं तर ज्यांना छान येतं त्यांचं अवघड होतं, ती लपून बसतात सफाईच्या मागे. आम्ही साधनं बघून देतो. पेन्सिल आणि खोडरबर ज्याला सगळं ताब्यात हवं त्याला सुखाचं. जलरंग पसरतात, ऐकत नाहीत, ते पहिल्या दिवशी देऊ नयेत असं माझं मत. माती मधली: दाबली की दबते, पुन्हा गोळा करता येतो. तुमच्या थेरपिस्टना आधी साधनं दाखवायला सांगा. हातात घेऊन बघा आणि सत्र न करता घरी या, तरी चालतं.

शरीराबद्दल. माणसाएवढ्या कागदावर आपल्या देहाची बाह्यरेषा काढून आत भरायची एक पद्धत आहे, देहनकाशा म्हणतात. २००२ च्या सुमाराला केप टाउनमध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांबरोबर ती वाढली. ट्रान्स आणि नॉन-बायनरी मंडळींबरोबर मी ती वापरते, पण एक बदल करून: बाह्यरेषा खऱ्या देहाची असलीच पाहिजे असं नाही. एकानं झाडाची काढली. एकीनं फक्त तळपाय काढले, कारण "तेवढेच माझे वाटतात". सुरुवातीला तळपाय पुरतात.

पट्टीसाहेब, तुमच्यासाठी: २०१६ मध्ये गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, मार्कर, कोलाज यांत रमू दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांत ते उतरलं, आणि आधी चित्रकला केलेली असण्या-नसण्यानं फरक पडला नाही.

आणि विणकामाची थेरपी निघेल म्हणून हसू नका. "आर्ट थेरपी" हा शब्दच एड्रियन हिल नावाच्या चित्रकारानं १९४२ मध्ये वापरात आणला, क्षयाच्या रुग्णालयात पडून चित्रं काढता काढता.

लाकडी_पट्टी

३९ जण, आणि तुलनेला दुसरा गट नाही. ४५ मिनिटं शांत बसवलं असतं तरी कॉर्टिसॉल उतरलं असतं कदाचित. ताण कमी होणं आणि आजार बरा होणं या वेगळ्या गोष्टी.
हूकरबाईंचं मात्र माहीत नव्हतं. पहारेकऱ्याचा मुद्दा डोक्यात राहिला.

ओलीमाती

आक्षेप रास्त आहे. दुसरा गट नव्हता. म्हणून मी "बरं करते" असं कुठे लिहिलं नाही, बघा परत.

मागचा_बाक

मी सहसा अशा धाग्यांवर लिहीत नाही. आज लिहितो.

मी ४७ वर्षांचा, समलिंगी. एकोणीस वर्षांचा असताना घरच्यांना कळलं. त्यांनी मला एका योग शिकवणाऱ्याकडे नेलं. तो म्हणाला, "ऊर्जा चुकीच्या वाटेनं चालली आहे, वळवू." दोन महिने पहाटे चारला उठवून आसनं, प्राणायाम, थंड पाणी. आणि प्रत्येक आसनाआधी मला मोठ्यांदा म्हणायला लावायचा की मी पुरुष आहे आणि पुरुषासारखा होणार आहे. काही वळलं नाही. एवढंच झालं की श्वासाकडे लक्ष गेलं की मळमळायला लागायचं. हे पुढे पंचवीस वर्षं टिकलं. जिना चढून दम लागला तरी तो माणूस आठवायचा.

(अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या कार्यगटानं २००९ मध्ये सगळे अभ्यास चाळून सांगितलं की लैंगिक कल बदलण्याचे असले प्रयत्न यशस्वी होतात याला भक्कम पुरावा नाही आणि त्यांनी इजा होऊ शकते. मला तो अहवाल वाचून रडू आलं होतं. अहवाल वाचून रडणारा मी एकटाच असेन.)

तीन वर्षांपूर्वी मी थेरपी सुरू केली. सहाव्या-सातव्या सत्रात त्यांनी विचारलं, श्वासाचं काही करून बघायचं का. मी म्हटलं, नाही. का ते सांगितलं नाही. ते म्हणाले, "बरं." आणि दुसऱ्या विषयावर गेले. लोक मला विचारतात अफर्मेटिव्ह म्हणजे काय. माझ्यापुरतं ते "बरं" आहे. माझ्या शरीराबद्दल मी "नाही" म्हटलं आणि समोरचा वाद न घालता थांबला, हे आयुष्यात पहिल्यांदा घडलं होतं.

दीड वर्षानं मीच विषय काढला. खुर्चीवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकवणे, बास. श्वासाचं नाव नाही. पाय टेकले आहेत का, टाच जड की चवडा जड. चार महिने तेवढंच चाललं होतं.

अनुस्वार, तुम्ही खुशाल "नाही" म्हणा. आणि "नाही" म्हटल्यावर समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघा. सगळं कळेल.

टाचणी

+१. याला काय प्रतिसाद द्यायचा सुचत नाही. पण वाचलं हे सांगावंसं वाटलं.

पाठीचा_कणा

मागचा_बाक यांचं वाचून दोन दिवस गप्प होतो. मी योग शिकवतो, सतरा वर्षं झाली. तसला प्रकार कधी केला नाही. पण निर्मळ आहे असंही म्हणवत नाही.

माझ्या वर्गात उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका. कोणी ठरवलं? कोणीच नाही, तसंच असायचं. सूचना देताना "पुरुषांची कंबर कडकच असते", "बायकांना हे सोपं जाईल". कुणाचं आसन चुकलं की मागून जाऊन खांदा दाबायचो, विचारायचो नाही. आमच्या शिक्षकांनी आम्हाला तसंच शिकवलं होतं.

एक विद्यार्थी यायचा, शेवटच्या रांगेत बसायचा, सैल शर्ट. प्राणायामात त्याची छाती फुलत नव्हती. मी दर वेळी मोठ्यांदा, "खोल, अजून खोल, चोरू नका श्वास!" एक दिवस त्याला घेरी आली. उठला, चटई गुंडाळली, गेला. परत आला नाही. त्यानं बाइंडर घातलेला होता, छाती सपाट दिसावी म्हणून. हे मला दुसऱ्याच कुणाकडून वर्षभरानं कळलं. त्यानं मला सांगावं असं मी काय केलं होतं?

त्यानंतर शिकायला गेलो, आघात झालेल्या माणसांना योग कसा शिकवावा याचं. अनुस्वार, तुमच्या शिक्षिकेला यातलं काय माहीत आहे ते विचारा:

बाइंडर घालून व्यायाम करू नये, छातीला आणि फासळ्यांना तोशीस पडते. काढणं शक्य नसेल तर खोल श्वासाचे प्रकार सोडून द्यायचे. हातपायांच्या हालचालीवर पूर्ण तास निघतो. कपालभाती, भस्त्रिका हे जोराचे प्रकार घाबरण्याचे झटके येणाऱ्या माणसाला तसाच झटका आणू शकतात, कारण भराभर श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि छाती धडधडते, बोटं मुंग्यावतात, म्हणजे भीतीची सगळी लक्षणं आयती तयार. त्याउलट उच्छ्वास थोडा लांबवला तर हृदयाची गती उतरते. पण तेही मोजून-बांधून नको.

डोळे उघडे ठेवायची मुभा पाहिजे. दार दिसेल अशी चटई. शवासन सक्तीचं नाही; कुशीवर झोपा, भिंतीला टेकून बसा. हात लावायचा नाही. मी तर आता कुणालाच लावत नाही. आणि भाषा: "करा"ऐवजी "वाटलं तर करून बघा". सुरुवातीला मला हे फार गुळमुळीत वाटायचं, शिक्षकानं असं बोलायचं का? पण पतंजलींनी आसनाची व्याख्या तीन शब्दांच्या आत केली आहे, स्थिरसुखमासनम्. त्यातलं "सुख" मी कितीतरी वर्षं गाळून शिकवत होतो. कुणाचं सुख कशात आहे ते मी बाहेरून सांगू शकत नाही, एवढीच गोष्ट आहे.

पट्टी, आकडे पाहिजेत ना. २०१४ मध्ये बेसेल व्हॅन डर कोक आणि सहकाऱ्यांनी, इतर उपचारांनी गुण न आलेल्या ६४ बायका घेतल्या, सगळ्यांना जुना पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा ताणाचा विकार. अर्ध्यांना दहा आठवडे, आठवड्याला एक तास, अशा प्रकारचा योग. बाकीच्यांना आरोग्यशिक्षणाचे वर्ग. शेवटी योगाच्या गटात ३१ पैकी १६ जणी आजाराच्या निकषांतून बाहेर आल्या, दुसऱ्या गटात २९ पैकी ६. इथे दुसरा गट आहे.

लाकडी_पट्टी

हा बरा अभ्यास आहे. मान्य. (त्यात क्वीअर किती होत्या हा प्रश्न राहतो, पण आज भांडायचा मूड नाही.)

सुईदोरा

मी आई आहे. माझी लेक... "लेक" हा शब्द मला हल्ली फार आवडायला लागलाय, त्यात मुलगा मुलगी दोन्ही मावतात. तर लेक सतरा वर्षांची आहे आणि अशीच थेरपी घेते. चित्रांचीच जास्त.

दर सत्रानंतर मी बाहेर बसलेली. एकदा थेरपिस्टना विचारलं, काय काढलं आज? त्या म्हणाल्या, "ते लेकीला विचारा, तिला दाखवायचं असेल तर दाखवेल." मला इतका राग आला! पैसे मी देते, जन्म मी दिला, आणि मला एक चित्र बघायला परवानगी? आठवडाभर धुसफुस चालली होती माझी.

मग त्यांनी पालकांसाठी एक सत्र ठेवलं होतं, तिथे मला म्हणाल्या, तुमच्या मनातली लेक काढा. मी फ्रॉक काढला. लाल, झालरीचा. आत कुणी नव्हतंच, नुसता फ्रॉक उभा. तो कागद मी कुणाला दाखवला नाही. घडी करून पर्समध्ये ठेवला. लेकीनं दार लावून घेतलं की का घेतलं ते विचारत नाही आता.

टाचणी

सुईदोरा, 🙏

निशाचर, एक व्यावहारिक प्रश्न. मला मैत्रिणीसाठी असा थेरपिस्ट शोधायचा आहे. "आम्ही सगळ्यांचं स्वागत करतो" असं सगळेच लिहितात. ओळखायचं कसं? थेरपिस्ट स्वतः क्वीअर असलेला बरा का?

निशाचर

स्वतः क्वीअर असणं मदतीचं ठरतं, अट नाही. क्वीअर थेरपिस्टसुद्धा "माझं असं झालं होतं" म्हणून तुमच्या गोष्टीवर आपली गोष्ट अंथरू शकतो. हे माझं मत, काही सहकारी कडाडून विरोध करतील.

पहिल्याच भेटीत विचारा: याआधी ट्रान्स किंवा समलिंगी लोकांबरोबर काम केलंय का, कुणाच्या देखरेखीखाली शिकलात, माझी ओळख तुम्हाला कळली नाही तर काय कराल. "वाचेन आणि तुम्हालाही विचारेन" हे चांगलं उत्तर. "मला सगळे सारखेच" हे काळजीचं. आणि ज्याला तुमच्या प्रत्येक दुखण्याचं मूळ क्वीअर असण्यातच दिसतं, त्यालाही जपून असा. झोप बॉसमुळेही उडते हो.

चित्र आणि योग मध्ये येत असतील तर आणखी एक. कोण काय शिकलंय? आठवडाभराचं शिबिर करून आलेला योगशिक्षक मानसोपचार करू लागला, किंवा थेरपिस्टनं आपण घरी करतो ती आसनं खोलीत आणली, तर दोन्ही धोक्याचं. अनुस्वारांच्या थेरपिस्टनी योगासाठी वेगळी व्यक्ती ठेवली आहे हे मला आवडलं. एका तासात बोलणं, रंगवणं आणि सूर्यनमस्कार असं सगळं कोंबणारेही आहेत, त्यांच्यापासून लांब.

एक सांगणं राहिलं. कुणाला जीव नकोसा झाला असेल तर चित्रांची वाट बघू नका. थेट डॉक्टर, हेल्पलाइन, जवळचं माणूस, आणि औषध लागलं तर औषध. रंग नंतरही येतात.

नियामक

धागा चांगला चालला आहे. दोन प्रतिसाद उडवले आहेत, का ते त्या दोघांना माहीत आहे.

अनुस्वार

उशीर झाला, माफी असावी. सगळे प्रतिसाद दोनदा वाचून झालेत. मागचा_बाक, तुमचा तर चारदा.

तर, गेल्या मंगळवारी मी त्यांना "नाही" म्हणून बघितलं. योगाला. आणि सांगितल्याप्रमाणे चेहऱ्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "ठीक. चित्रांचं?" मी म्हटलं, साधनं आधी बघू द्या. त्यांनी कपाट उघडून दिलं आणि स्वतः खिडकीशी जाऊन बसल्या. (ओलीमाती, खडू होते. बोटांना लागतात ते बरं वाटलं.)

काढलं काय, तर काहीच नाही विशेष. एक मोठा कागद आणि त्यावर दोन खुर्च्या. त्या दोन खुर्च्या कशासाठी ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. मग अर्धा तास मधल्या मोकळ्या जागेला नुसता पिवळा खडू घासणं झालं, संपेपर्यंत. त्यांनी विचारलं, याला नाव? मी सांगितलं, सतरंजी. दोघांनाही हसू फुटलं. चार महिन्यांत त्या खोलीतलं माझं पहिलं हसू.

त्यांनी एक विचारलं ते सांगते-सांगतो न करता सांगायला हवं: "बोलताना तुम्ही सारखं वाक्य फिरवता, थकत नाही का?" मी कबूल केलं. त्या म्हणाल्या, इथे दोन्ही वापरा. किंवा "मी गेलं" म्हणा. एका वाक्यात एक, दुसऱ्यात दुसरं. मी दुरुस्त करणार नाही आणि मोजणारही नाही.

अजून जमलेलं नाही. व्याकरणाच्या बाई अजून मानेवर बसलेल्या आहेत.

लाकडी_पट्टी

त्या बाईंना सांगा, पट्टी माझ्याकडे आहे.

ओलीमाती

"सतरंजी" 🙂 कागद कुठे ठेवलात?

अनुस्वार

कपाटातच. घरी आणायला तो फार मोठा आहे. भिंतीवर लावला तर आई विचारेल.

पाठीचा_कणा

दीड महिना झाला, धागा वर काढतोय. अनुस्वार, कसं चाललंय? उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

अनुस्वार

चाललंय. सगळं सरळ नाही. मध्ये दोन सत्रं बुडाली, एकदा रागावून अर्ध्यातून निघणं झालं, कारण त्यांनी आईचा विषय काढला. पुढच्या खेपेला त्यांनीच माफी मागितली, घाई झाली म्हणाल्या.

योगाच्या बाईंना भेटून आलंय. त्यांना तुमची सगळी यादी वाचून दाखवली, दार, डोळे, हात, सगळी. त्यांनी अर्ध्या गोष्टी आधीच केलेल्या होत्या. चटईची जागा मला निवडू दिली. खुर्चीपासून सुरुवात, मागचा_बाक यांच्यासारखी. टाच जड निघाली माझी.

काल पहिल्यांदा आडवं होऊन बघू म्हटलं, कुशीवर, डोळे उघडे. समोर भिंतीवर एक पाल होती, ती हलते का ते बघत बघत कधी झोपले कळलंच नाही. बाईंनी उठवलं नाही. वीस मिनिटांनी आपोआप जागा झालो. पाल गेली होती.

मागचा_बाक

बरं.